दंड भरण्याची नियमावली

मराठी भाषेत ‘दंड’ हा शब्द बाहूस लावतात आणि सरकारजमा होणाऱ्या रकमेसही लावतात. परंतु वयाची पन्नाशी उलटल्यावर, मित्राच्या भिडेस बळी पडून, कोल्हापुरात राजारामपुरीतील एका जिममध्ये पहिल्याच दिवशी विशीतल्या पोरांच्या बरोबरीने लोखंड उचलण्याचा जो प्रमाद प्रस्तुत लेखकाच्या हातून घडला, त्यानंतर ‘दंड भरले’ या वाक्याचे दोन्ही अर्थ मुळात एकच आहेत अशी त्याची खात्री पटली. सबब, समदुःखी करवीरवासीयांच्या माहितीसाठी ही नियमावली जारी करण्यात येत आहे.

कलम पहिले : मुदत. गुन्हा घडल्या दिवशी दंडाची वसुली होत नसते, हे प्रथम ध्यानात घ्यावे. त्या सायंकाळी अपराधी मनुष्य आरशासमोर सदऱ्याची बाही वर सारून उभा राहतो, आणि आपल्यात एक मल्ल आजवर सुप्तावस्थेत होता अशा निष्कर्षाप्रत येतो. हुकूमनामा दुसऱ्या दिवशी बजावला जातो. चोवीस ते बहात्तर तासांच्या दरम्यान वेदना कळसास पोहोचते आणि बहुधा आठवड्याच्या आत प्रकरण निकाली निघते. प्रस्तुत लेखक पेशाने शिक्षक असल्यामुळे त्याची जप्ती भर वर्गात झाली : फळ्याच्या वरच्या अंगास हात पोहोचेना, म्हणून पायथागोरसचा सिद्धान्त त्यास तळाशी, ओणवे होऊन लिहावा लागला. त्याच सायंकाळी गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर धारोष्ण दुधाचा पेला तोंडापर्यंत जाईना, तेव्हा तोंडानेच पेल्यापर्यंत जाण्याची नम्रता दाखविली.

कलम दुसरे : दोषारोप. या दुखण्याचा आळ लॅक्टिक आम्लावर घेण्याची जी जुनी वहिवाट आहे, ती तात्काळ बंद करावी. हे बिचारे व्यायाम संपल्यापासून तास-दोन तासांत रक्तातून हद्दपार झालेले असते. दोन दिवसांनी होणाऱ्या दंग्याबद्दल त्यास धरणे न्यायास सोडून आहे. ज्या 1902 साली शाहू महाराज युरोपच्या प्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागार पाहून खासबागेच्या मैदानाची कल्पना मनात घेऊन परतले, त्याच साली अमेरिकेत थिओडोर हफ नामक शास्त्रज्ञाने असे मांडले की, हे दुखणे स्नायूंच्या आत झालेल्या सूक्ष्म फाटाफुटीचे आहे. त्यातही मुख्य आरोपी वजन उचलणे नसून ते सावकाश खाली आणणे हा आहे, कारण त्या वेळी स्नायू ताणला जात असतानाच जोरही लावीत असतो. अर्थात माणसास घाम फुटतो तो चढाला, आणि दंड बसतो तो उताराला.

कलम तिसरे : उपाययोजना. अंथरूण धरून पडणे हा उपाय सर्वांस प्रिय आणि म्हणूनच निरुपयोगी आहे. तेल लावून हलक्या हाताने चोळून घ्यावे; भरपूर झोपावे; तांबड्या-पांढऱ्या रश्श्याबरोबर मटणही पोटात जाऊ द्यावे, कारण डागडुजीस प्रथिने लागतात, मात्र केवळ रश्श्याच्या झणक्याने स्नायू जुळून येतात अशी समजूत कोणी करून घेऊ नये. हळद, ताक, लिंबू आणि तेल घालून मळलेल्या तांबड्या मातीचा हौदा ज्यांनी पिढ्यानपिढ्या पाहिला, त्या तालमींतील एका वयोवृद्ध वस्तादांपुढे लेखकाने आपली कैफियत मांडली असता त्यांनी ती पुरती ऐकूनही न घेता निकाल दिला : ‘‘मास्तर, भरलं न्हवं दंड? मग आता दहाच जोर मारा, हलक्यानं. मोकळं हुतंय बघा.’’ हा सल्ला प्रथमदर्शनी क्रूर वाटला तरी अनुभवाअंती खरा ठरला. हलक्या हालचालीने दुखणे निदान तेवढ्यापुरते सैल होते. फक्त जड लोखंडाची सुनावणी चार दिवस तहकूब ठेवावी.

कलम चौथे : अपवाद. येथे विनोदास रजा द्यावी. दंड बेसुमार सुजले, हातातले बळ गेले, किंवा लघवीचा रंग काळ्या चहासारखा झाला, तर तेल, वस्ताद व ही नियमावली तिन्ही बाजूस ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. तुटलेल्या स्नायूंतील द्रव्ये रक्तात उतरून मूत्रपिंडे निकामी करू शकतात.

कलम पाचवे : पावती. एकदा भरलेला दंड शरीर विसरत नाही, आणि त्याच कसुरीबद्दल पुन्हा तेवढाच आकारत नाही. काही दिवसांनी तोच व्यायाम केला असता दुखणे पुष्कळच कमी होते. मात्र ही सवलत नियमित हजेरी लावणाऱ्यांसाठी असून, वर्षातून एकदा संकल्प करणाऱ्यांस दर खेपेस पूर्ण आकारणी लागू राहील. प्रस्तुत लेखकाने पंधरा दिवसांनी, निम्मे वजन घेऊन, पुन्हा हजेरी लावली. दुसऱ्या दिवशी दंड थोडे ठणकले खरे. परंतु सिद्धान्त फळ्याच्या पहिल्या ओळीपासून लिहिला गेला.