प्लाझ्मा मनात ठेवतो

2011 चा क्रिकेट विश्वचषक आपल्याकडे होणार म्हणून आमच्या घरात नवा टीव्ही घ्यायचं ठरलं, आणि तो 2010 च्या दिवाळीनंतर घ्यायचं ठरलं. ‘नंतर’ हा बाबांचा आग्रह. दिवाळीत दुकानदार जी सूट देतो ती आधी भाव चढवून देतो, हे त्यांचं ठाम मत. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात हिशेब तपासण्यात हयात गेली, त्यामुळे समोरचा माणूस फसवतोय हे धरूनच ते ‘नमस्कार’ म्हणतात.

खरी अडचण अशी की आधीचा टीव्ही चालू होता. सदाशिव पेठेत चालू वस्तू बदलायची म्हणजे घरोघरी खुलासा द्यावा लागतो. आजीचा तर तत्त्वालाच विरोध. 1973 मध्ये सिंहगडावरून मुंबईचे कार्यक्रम पुण्यात दिसायला लागले, तेव्हा ती वाड्यातल्या एकमेव टीव्हीसमोर सतरंजीवर बसून ते बघायची. “त्या टीव्हीला लाकडी दारं होती. बघून झालं की लावून घ्यायची. तुमच्या ह्या नव्याला दारं आहेत का?” दारं नव्हती. त्यावर क्रोशाचा रुमाल घालायलाही जागा नव्हती, हे तिला नंतर कळलं आणि ते तिने फार मनाला लावून घेतलं.

टिळक रस्त्यावरच्या दुकानात एलसीडी आणि एलईडी असे झगमगत होते की केरळातली हिरवळ बघून डोळ्यांना पाणी यावं. प्लाझ्मा बिचारा कोपऱ्यात. त्याच्या काचेत वरच्या ट्यूबलाइट आणि आमचं अख्खं कुटुंब स्पष्ट दिसत होतं. त्यामागे काही चित्र असावं असा संशय येत होता. विक्रेता म्हणाला, “सर, प्लाझ्मा नका घेऊ. जुनं झालं ते. एलईडी बघा.”

झालं. विकणारा माणूस जे घेऊ नका म्हणतो त्यात नक्की काहीतरी चांगलं असणार, हा बाबांचा आयुष्यभराचा सिद्धान्त. ते तडक प्लाझ्माकडे गेले आणि बाजूला सरकायला लागले. सरकत सरकत पार मिक्सरच्या विभागात पोचले. तिथून मान वळवून ओरडले, “इथून एलसीडीतली बाई पांढरी पडली! ही आहे तश्शी आहे!” मुद्दा बिनतोड होता. आमच्या बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या बरोब्बर समोर दरवाजा आहे. माणसं बसतात ती कॉटवर, खिडकीशी आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळ. समोरून टीव्ही बघायचं भाग्य फक्त कुरिअरवाल्याला लाभतं.

शिवाय तेवढ्याच आकारात तो स्वस्त होता. विक्रेत्याने शेवटचं अस्त्र काढलं: “सर, ह्या बेचाळीस इंचीत ठिपके फक्त 1024 गुणिले 768. तेसुद्धा चौरस नाहीत, आयताकृती.” बाबा म्हणाले, “मग चौरसाचे जास्त पैसे मी का द्यायचे?”

टीव्ही उभाच आणायचा असतो, आडवा करायचा नाही, हे टेम्पोवाल्याला चढ्या आवाजात सांगत तो घरी आला. मागोमाग कोथरूडहून आतेभाऊ आला. ह्या विषयावर त्याने बरंच वाचलेलं असल्यामुळे त्याचा चेहरा गंभीर होता. दोन काचांमध्ये लाखो बारीक कप्पे, त्यांत निऑन आणि झेनॉन वायू. वायूतून वीज वाहिली की अतिनील किरण निघतात, ते कप्प्यातल्या लाल, हिरव्या, निळ्या लेपावर पडतात आणि लेप उजळतो. “आणि मामा, हा लेप नवा असताना झपाट्याने झिजतो. एकाच जागी एकच चित्र राहिलं तर तिथला लेप जास्त झिजणार आणि डाग कायमचा बसणार. पहिले शंभर तास फार जपायचं. कॉन्ट्रास्ट निम्म्यावर. लोगो नको, खालच्या पट्ट्या नकोत, बाजूला काळ्या कडा नकोत.”

बाबांना हे तत्काळ पटलं. आकुर्डीच्या चेतकसाठी नंबर लावून त्यांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली होती आणि हाती आल्यावर तितक्याच श्रद्धेने तिचं रनिंग-इन केलं होतं. काटा चाळीसच्या वर जाऊ द्यायचा नाही, मागे कुणाला बसवायचं नाही. “लग्नानंतर पहिले दोन महिने मी पीएमटीने हिंडले,” आई आतून म्हणाली.

आतेभावाने पेनड्राइव्हवर नुसते रंग आणले होते. पडदाभर लाल, मग हिरवा, मग निळा, मग पांढरा, मग करडा, पुन्हा लाल. हे रात्रंदिवस चालवायचं, म्हणजे सगळा लेप सारखा मुरतो. नवा टीव्ही आल्याची बातमी तोवर जिन्याने खाली पोचली होती. पहिल्याच संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे काका-काकू आले. बसले. पडदा निळा होता. आईने चहा आणला. पडदा निळाच होता. काकांनी चष्मा पुसला.

“बिघडला का हो?”

“नाही, नाही. असाच चालवायचा असतो सुरुवातीला,” बाबा म्हणाले.

काका थोडा वेळ त्या निळ्याकडे बघत राहिले. इतक्यात करडा आला. “म्हणजे एवढे पैसे मोजून तुम्ही रंग बघताय. डिस्टेंपर स्वस्त पडला असता.”

रंगांवर आजी किती दिवस काढणार? तिची ‘चार दिवस सासूचे’ 2001 पासून सुरू होती, आणि त्या सासूने आमच्या घरातल्या कुणाहीपेक्षा जास्त काळ ती खोली अडवली होती. तडजोड झाली: मालिका बघायची, पण चित्र ताणून. तेव्हा बहुतेक मराठी वाहिन्या जुन्या चौकोनी आकारात येत. नव्या रुंद पडद्यावर त्यांच्या दोन्ही बाजूंना काळे खांब उरत, आणि खांबांखालचा लेप ताजा राहून मधला झिजला की पुढे जन्मभर ते खांब दिसायचे. म्हणून सगळ्यांना आडवं ताणायचं. एका रात्रीत मराठी मनोरंजनसृष्टीचं वजन वाढलं. नायिका दारात मावेनात. सासरी जिचा छळ चालला होता ती चांगली बाळसेदार दिसायला लागली. आजी म्हणाली, “रडते कशाला ही? खायला तर व्यवस्थित घालतायत.”

हा टीव्ही तापायचा. डिसेंबरातल्या थंडीत आईचं दही लागेना, तेव्हा तिने एके रात्री विरजणाचं पातेलं टीव्हीच्या पाठीमागे कपाटावर ठेवलं. सकाळी सुरी लावून कापावं असं दही! घरातला सगळ्यात महागडा पदार्थ, पण उत्तम.

महाग अशासाठी की बाबांना मीटरचा शोध लागला होता. प्लाझ्मा चित्रागणिक वीज खातो. पडदा उजळ असेल तर जास्त, काळोखा असेल तर कमी. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. बाबा जिन्यात मीटरसमोर उभे राहायचे आणि मी आतून रंग सांगायचो. “पांढरा!” दिवा धावत सुटायचा. “काळा!” दिवा धापा टाकत थांबायचा. त्यानंतर घरात काय बघावं ह्याबद्दलची त्यांची मतं बदलली. बर्फावर चित्रित झालेली गाणी लागली की ते अस्वस्थ होत. खून रात्रीच व्हावेत, असं त्यांना वाटू लागलं.

मला मात्र ह्या यंत्राच्या स्वभावाचं कौतुक वाटायचं. त्याचा जन्म 1964 चा, अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातला. डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि त्यांचा विद्यार्थी रॉबर्ट विल्सन ह्यांना संगणकावरून शिकवण्यासाठी पडदा हवा होता, आणि तेव्हा संगणकाची स्मरणशक्ती फार महाग. म्हणून त्यांनी कप्पेच असे बनवले की एकदा पेटलेला पेटलेला राहील, विझलेला विझलेला. पुढे रंग आले, करमणूक आली, ती जुनी खोड वेगळ्या वाटेने टिकली. आमच्या पेठेत शोभून दिसेल असंच ते यंत्र: कोण किती वेळ येऊन बसलं होतं हे विसरायचं नाही.

आणि विश्वचषकासाठी आणलेल्या ह्या टीव्हीला सगळ्यात मोठा धोका विश्वचषकाचाच, हे फेब्रुवारीत लक्षात आलं. धावफलकाची पट्टी आठ-आठ तास तळाशी ठाण मांडून. बाबांनी उपाय काढला: षटक संपलं की वाहिनी बदलायची. 2 एप्रिलला, वानखेडेवर गंभीर नव्वदीत असताना त्यांनी षटक संपल्यावर पाककृतीचा कार्यक्रम लावला आणि परत येईपर्यंत तो 97 वर त्रिफळाचीत झाला होता. त्यानंतर रिमोट आजीने पदराखाली घेतला. धोनीचा षटकार आम्ही पट्टीसकट पाहिला. रात्री उशिरा काळ्या पडद्यावर धावफलकाची पुसट सावली उरली होती. ती पुसायला टीव्हीत सरकत्या पांढऱ्या पट्टीची सोय होती, पण पाडव्यापर्यंत कुणी तिला हात लावला नाही.

पुढे प्लाझ्माचंच काही खरं राहिलं नाही. पायोनियर 2009 मध्येच बाहेर पडली होती, पॅनासोनिकने 2013 च्या अखेरीस उत्पादन थांबवलं, सॅमसंग आणि एलजीने 2014 मध्ये. आमचा चालू आहे. फक्त वरच्या कोपऱ्यात, उजेडाचं दृश्य आलं की, बाबांच्या रोजच्या बातम्यांच्या वाहिनीचा लोगो दिसतो. गंमत म्हणजे त्या वाहिनीने मधल्या काळात नाव बदललं. आमच्याकडे जुनंच आहे. लकडी पुलात लाकूड राहिलं नाही म्हणून पुण्याने कधी त्याचं नाव सोडलं का, असं बाबा विचारतात.

मागच्या महिन्यात जुन्याच्या बदल्यात नवा अशी योजना निघाली, तेव्हा दुकानातून एक मुलगा बघायला आला. त्याने टीव्ही लावला, मागून हात लावून पाहिला, वजनाचा अंदाज घेतला आणि कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

“काका, डाग आहे. हजार रुपये देता येतील.”

बाबा वहीत लिहून घ्यायला लागले. “लोगोसकट,” त्यांनी विचारलं, “की लोगो सोडून?”