शंभर नंबरी निकाल, सतरा नंबरी मुलं

‘तारे जमीं पर’ २००७ साली आला आणि अख्खा महाराष्ट्र रुमाल घेऊन थिएटरात बसला. त्यातला ईशान तिसरीत होता, वाचायला बसला की अक्षरं नाचायची. दात पुढे, डोळे पाणीदार. रडू न येऊन सांगतं कुणाला?

आता तोच ईशान नववीत बसवा. मिसरूड फुटलंय, आवाज फुटलाय, शेवटच्या बाकावर कर्कटकाने कोरीवकाम चाललंय. वाचायला उभं केलं की खोकला येतो, नाहीतर तहान लागते. आता कुणाला रडू येतं?

मुख्याध्यापकांना. दहावीच्या निकालाच्या विचाराने.

आठवीपर्यंत गाडी कशीबशी ढकलत आणलेली असते. नववी ही खरी चाळणी. एक दिवस आईला बोलावणं जातं. आवाज मऊ, खुर्ची पुढे, पाणीसुद्धा विचारलेलं. “ताई, याला झेपायचं नाही. १७ नंबरचा फॉर्म भरून टाका, बाहेरून बसू दे.” योजना मुळात चांगलीच आहे. शाळा सुटलेल्यांना, कामाला लागलेल्यांना दहावीची आणखी एक संधी. फक्त खासगी विद्यार्थ्याचा निकाल शाळेच्या निकालात धरत नाहीत.

कळलं ना, फ्लेक्सवरचे शंभर टक्के कुठून येतात?

कायदा? आहे की! १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते एकवीस झाले आणि डिस्लेक्सिया, डिसग्राफिया, डिसकॅल्क्युलिया (म्हणजे वाचन, लेखन आणि गणित शिकण्यातल्या अडचणी) ही मंडळी आत आली. शाळेने अशी मुलं लवकरात लवकर ओळखावीत, असंही त्यात लिहिलंय. शाळा ओळखतेही.

दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरताना.

“सर्टिफिकेट आहे का? असेल तर सवलत मिळते.” मग पळापळ. बुद्ध्यांक चाचणी, वाचन-लेखनाची चाचणी, शिक्के, झेरॉक्स. ‘आमचं पोरगं काय वेडं आहे का?’ असं इतकी वर्षं ठणकावणारे बाबा आता रांगेत सगळ्यांत पुढे. मागे आणखी एक बाबा. त्यांच्या चिरंजीवांना अडचण कसलीच नाही. ८२ टक्के पडतात, ९२ हवेत. ज्याला गरज त्याला पत्ता नाही, ज्याला पत्ता त्याला गरज नाही.

हेही शहरातलं झालं. भामरागडकडच्या पोराला घरी माडिया, शाळेत मराठी. तो वाचताना अडखळला तर दोष भाषेचा, गावाचा, नाहीतर बापाचा. डिस्लेक्सिया बहुधा डांबरी रस्त्यानेच प्रवास करत असावा.

बरं, मिळाली सवलत. तासाला २० मिनिटं जादा. लिहिता येत नसेल तर लेखनिक. गणित अजिबातच जमत नसेल तर सातवीच्या पातळीचं अंकगणित. कागदावर सगळं चोख. आता परीक्षा केंद्रावर चला.

लेखनिक खालच्या इयत्तेतला हवा, असा नियम. तो शोधायचा कुणी? आईने. मिळते शेजारची नववीतली मुलगी, तिची स्वतःची परीक्षा तोंडावर. पेपर विज्ञानाचा. नववीच्या पुस्तकात प्रकाशाचं परावर्तन होतं. अपवर्तन व्हायला दहावी उजाडावी लागते. हा हळू आवाजात सांगतो ‘अपवर्तनांक’. ती लिहिते ‘अपर्तनांक’. तेवढं वाचून दुरुस्त कर असं त्याला म्हणावं, तर त्याला ते वाचता आलं असतं तर ती बिचारी तिथे आली असती कशाला? दोन तासांनी घंटा होते. बाकीचे सुटतात, मैदानात कल्ला. यांची ४० मिनिटं आता सुरू होतात. दाराशी शिपाईकाका किल्ल्यांचा जुडगा वाजवत उभे. पर्यवेक्षक पुन्हा एकदा घड्याळ बघतात. “झालं का रे?”

हक्काचा वेळ हा असा मिळतो. उपकारासारखा.

आणि ही सगळी धावाधाव कशासाठी? पेपरापुरती. जून ते फेब्रुवारी काय? भरगच्च वर्ग, फळ्यावरचं भराभर उतरवून घ्या, राहिलं तर मित्राची वही मागा. पुढच्या बाकावर बसवणं, उत्तर तोंडी विचारणं, मोठ्या अक्षरातला कागद देणं, याला कुठला निधी लागतो? परीक्षेत ज्याला कॅल्क्युलेटर चालतो, त्याने तो वर्गात काढला की जप्त होतो.

शिक्षकांनाही किती बोलणार? मतदार याद्या आहेत, ऑनलाइन माहिती आहे, ‘आजच, तातडीने’ आहे. शिवाय बी.एड.ला समावेशक शिक्षणाचा विषय त्यांनी रीतसर दिलेला असतो. बहुतेकांनी गाईडवरून.

सरकार झोपलंय असंही नाही. २०२४ साली राज्याने केंद्रस्तरावर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटासाठी, विशेष शिक्षकांची ४,८६० पदं मंजूर केली. उत्तम झालं, यातले कित्येक जण वर्षानुवर्षं कंत्राटावर राबत होते. पण एका केंद्रात शाळा किती? गुरुजी सोमवारी या गावात, मंगळवारी त्या गावात. वार बघून अडायचं, असं मुलांनी मात्र कबूल केलेलं नाही. आणि ही फेरी हायस्कुलाच्या पायऱ्या चढेपर्यंत दहावीचं हॉलतिकीट आलेलं असतं.

तर वाचकहो, पोरांसाठी शाळा शोधत असाल तर निकालाचा फ्लेक्स वाचत बसू नका. सरळ ऑफिसात जा आणि दोनच आकडे मागा. आठवीच्या पटावर किती मुलं होती? त्यातली दहावीला याच शाळेतून किती बसली? उत्तर देण्याआधी क्लार्क मुख्याध्यापकांच्या केबिनकडे बघायला लागला, तर दुसरी शाळा बघा.