तक्रारीचा डबा

डोंबिवलीत दर तिसऱ्या इमारतीत एक फराळवाल्या काकू असतात. नवरात्र संपत आलं की जिन्यात भाजणीचा वास उतरतो, लिफ्टमधून तेलाचे पंधरा किलोचे डबे ये-जा करू लागतात आणि एरवी जिथे पाणीपट्टीच्या थकबाकीदारांची नावं झळकतात त्या फळ्यावर 'घरगुती फराळाच्या ऑर्डरी घेतल्या जातील' असा कागद लागतो. 'घरगुती'खाली दोन रेघा. आमच्या काकू तळमजल्यावर. नोंदणी रीतसर आहे. तो चौदा आकडी क्रमांक छापलेली स्टिकरं पाकिटांवर लावायचं काम काकांकडे, आणि ती हमखास तिरकी लागतात.

व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरी मी बघतो, त्यामुळे तक्रारी पहिल्यांदा माझ्याकडेच येतात. मराठी माणूस नळाची तोटी आठ दिवसांत गळायला लागली तर निमूटपणे खाली बादली लावतो. चकलीच्या बाबतीत मात्र तो तज्ज्ञ असतो, कारण प्रत्येकाला आई होती.

काकूंचा नियम असा की फोनवर निकाल नाही. "नमुना आणून द्या." परत आलेल्या चकल्या, शेव, खुळखुळा झालेली करंजी, सगळं एका छोट्या स्टीलच्या डब्यात जातं. चार वाजता चहा झाला की काकू तो डबा उघडतात, डोळे मिटतात आणि एकेक तुकडा खातात. तेवढा वेळ घरात पंखासुद्धा हळू फिरतो. काका तर श्वासही बेताने घेतात.

पण नमुना यायच्या आधीचं त्यांचं बोलणं ऐकण्यासारखं असतं. समोरचा तावातावाने 'चकल्या मऊ पडल्या' म्हणाला की काकूंचं पहिलं वाक्य, "अगंबाई! पाहुण्यांसमोर ठेवल्या होत्यात का हो?" बस्स. समोरच्याचा निम्मा राग तिथेच उतरतो. मला आधी वाटायचं, ही धंद्यातली चलाखी आहे. नाही. काकूंना ती ताटली, ते पाहुणे आणि त्या यजमानीण बाईंचा पडलेला चेहरा खरोखरच दिसतो. मात्र दुसरं वाक्यही त्याच मायाळू आवाजात येतं, "आता सांगा, डब्यात चकलीबरोबर आणखी काय भरलं होतंत?" इथून उलटतपासणी सुरू. डबा फ्रिजवर होता. झाकण नातवाने उघडं टाकलं होतं. आणि हो, जागा नव्हती म्हणून वर चार पाकातले लाडू ठेवले होते. "मग बरोबर आहे," काकू म्हणतात, "लाडवाशेजारी राहून कोण कडक राहील?"

त्यांचा हा ठामपणा हवेत नाही. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, धने-जिरे, सगळं वेगवेगळं भाजलेलं. मोहन जास्त झालं तर चकली तेलात फसकते, कमी झालं तर दाताच्या डॉक्टरांचा धंदा वाढतो. घाईने मोठ्या आचेवर तळली तर बाहेरून लाल, आत कच्ची, आणि संध्याकाळपर्यंत लोळागोळा. हे ज्याने पंचवीस वर्षं हाताने केलंय, त्याला 'मऊ' या एका शब्दातून पुढचे पाच प्रश्न सुचतात. एकदा एक ताई 'रुचिरा' उघडून बसल्या आणि फोनवर म्हणाल्या, पुस्तकात प्रमाण वेगळं आहे. काकूंच्या सासूबाईंची 'रुचिरा' अजून घरात आहे. ओगलेबाईंच्या 1970 सालच्या या पुस्तकाने वाटी-चमच्याचं माप घरोघरी पोचवलं, हे काकू कुणालाही सांगतात. "ओगलेबाईंचं बरोबरच असणार हो," त्या म्हणाल्या, "तुम्ही वाटी कुठली घेतलीत?" पलीकडे बराच वेळ शांतता होती. बहुधा ताई वाट्या मोजत होत्या.

सगळ्यात अवघड तक्रार आईची. एक निवृत्त गृहस्थ वीस मिनिटं करंजीवर बोलत होते. सारण कोरडं, खोबरं सुकं, चव नाही. काकूंनी मध्येच विचारलं, "आई कोकणातल्या का तुमच्या?" गृहस्थ थांबले. मग हळूच म्हणाले, रत्नागिरीकडच्या. "ओल्या नारळाची करंजी दुसऱ्या दिवशी आंबते. फराळात मी ती घालणार नाही, तुम्ही कितीही रागावलात तरी. पण गणपतीत घरी करते, तेव्हा या. दोन खाऊन जा. विकत मिळणार नाही." ते येतात. दोन सांगितल्या होत्या, पाच खातात.

2025 साली तर काकूंनी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या वाटचंही ऐकून घेतलं. तिकडे आठशे डॉलरपर्यंतच्या मालाची करमाफी गेली, ऑगस्टअखेर आपल्या टपाल खात्याने तिकडची पार्सलं घेणं थांबवलं आणि पुन्हा सुरू झालं तेव्हा दिवाळी पाच दिवसांवर आली होती. न्यू जर्सीत मुलगा असलेल्या प्रत्येक आईने जाब विचारला तो काकूंना. काकू प्रत्येकीला म्हणाल्या, "लेकरू तिकडे वाट बघत असेल ना हो." मला वाटत होतं, निदान या बाबतीत तरी 'माझी चूक नाही' म्हणतील. नाही म्हणाल्या.

याचा अर्थ त्यांना लागत नाही असं नाही. फोन ठेवला की त्या गप्प होतात आणि आत जातात. त्या दिवशीचे बेसनलाडू जरा जास्तच घट्ट वळलेले असतात. काका वजन करताना ओळखतात. "आज कुणाचा फोन होता?" एवढंच मला विचारतात.

आणि एकदा डबा खरा निघाला. काकूंनी तुकडा खाल्ला, डोळे उघडले आणि म्हणाल्या, "मीठ नाही." आख्खा घाणा, आठ किलो. काका म्हणाले, दोघांचीच तक्रार आहे, बाकीच्यांना कळलंही नसेल. काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की काका चपला शोधू लागले. संध्याकाळी रिक्षा करून घरोघरी गेलो, नवी पाकिटं दिली, जुनी परत घेतली. 'गडबडीत राहिलं', 'मदतनीस नवीन होती', असलं एक अक्षर नाही. "माझ्याकडून मीठ राहिलं," एवढंच. चौथ्या मजल्यावरच्या आजींनी मात्र पाकीट सोडायला नकार दिला. त्यांना रक्तदाब होता आणि इतकी चांगली चकली त्यांनी कित्येक वर्षांत खाल्ली नव्हती. तेव्हापासून दरवर्षी बिनमिठाच्या अर्ध्या किलोची ऑर्डर असते.

असं सगळ्या जगाचं पोटात घालणाऱ्या काकूंकडे भाऊबीजेला त्यांच्या नणंदबाई येतात. यंदा मी तिथेच होतो. वन्संनी चकली उचलली, उजेडात धरली, काटे पाहिले, मोडली, खाल्ली आणि म्हणाल्या, "छान झालीये हो. अगदी विकतच्यासारखी."

काका वजनकाट्याच्या मागे सरकले. मी मोबाइलमध्ये डोकं घातलं. काकूंनी डोळे मिटले नाहीत, नमुना मागितला नाही, 'अगंबाई'सुद्धा म्हणाल्या नाहीत. त्या उठल्या, हात धुतले, ताटलीतल्या नव्हे तर डब्यातल्या चकल्या मोजून पिशवीत भरल्या, काट्यावर ठेवल्या, पिशवीला गाठ मारली आणि स्वतःच्या हाताने स्टिकर लावलं. त्या घरातून बाहेर पडणारं ते पहिलं सरळ स्टिकर.

"अर्धा किलो. तीनशे वीस झाले, वन्सं."

वन्संनी पर्समधून आधी चष्मा काढला आणि काट्यावरचा आकडा नीट वाचून घेतला.