डिकीतला पाट

"अगो, काल तुमच्या अंगणात स्कॉर्पिओ उभी होती ती कुणाची?" काकींनी गडग्यापलीकडून विचारलं. त्यांच्या हातात फुलांची परडी, माझ्या हातात खराटा. देवरुखकडच्या आमच्या वाडीत दिवसाची पहिली बातमी जास्वंदीपाशीच फुटते.

"एजंट दाखवायला घेऊन आला होता, काकी. 2014 ची आहे, पाच लाख म्हणतोय. यांचा जीव तिच्यावरच. मी म्हणते, तीन लाखांत जुनी इको मिळते. आंब्याच्या पेट्या म्हणा, गणपतीला येणारी मुंबईची मंडळी म्हणा, सगळं मावेल."

"पुरुषांना काय, बॉनेट मोठं दिसलं की झालं! वरच्या वाडीत नाही का घेतली गेल्या वर्षी? सासूबाईंना चढता येत नाही. म्हणून डिकीत कायम पाट! बाजारात गाडी थांबली की आधी पाट मांडायचा, मग म्हातारी उतरणार. लोक विचारतात, आज पूजा कसली?"

हसता हसता माझ्या हातचा खराटा सुटला.

"पण हे म्हणतात, आपल्या घाटीवर व्हॅन चढायची नाही."

"रिकामी असली तर घसरते, खोटं कशाला बोलू? इंजिन पुढच्या सीटखाली नि जोर मागच्या चाकांना. पावसात शेवाळावर मागचं चाक नुसतं गरगर फिरतं. दोन पोती भात टाका मागे, मुकाट चढते. आमचे भावोजी ओम्नी चालवायचे ना."

"आणि पत्रा पातळ म्हणतात तो?"

"पातळच आहे. 2016 साली ग्लोबल एनकॅपवाल्यांनी गाड्या आपटून बघितल्या, तेव्हा इकोला शून्य तारे. पण त्याच खेपेला बिनएअरबॅगच्या स्कॉर्पिओलाही शून्यच! भाचा सांगत होता. उंचीवर भुलू नका, आधी एअरबॅगा आहेत का विचारा. आरसी बघितलीस?"

"बघितली. बँकेचा बोजा अजून तसाच आहे."

"मग इसारसुद्धा देऊ नका! बँकेची एनओसी नि फॉर्म 35 हातात पडू दे. 29 नि 30 वर विकणाऱ्याच्या सह्या झाल्याशिवाय पैसे मोकळे करायचे नाहीत. शिवाय 2014 ची म्हणजे 2029 ला पंधरा वर्षं भरली. मग परत पासिंग, वर पर्यावरण कर. रीडिंग किती सांगितलं?"

"साठ हजार."

"ब्रेकच्या पेडलचं रबर बघ. गुळगुळीत झालं असेल तर साठ हजार कसले? मीटर मागे फिरवलाय."

मी बघतच राहिले. "काकी, तुम्ही आरटीओत होतात की काय?"

"हसू नकोस. व्हॅनच घ्या. दार सरकवलं, पाऊल टाकलं, बसलं. पाट नको नि बिट नको." एवढं बोलून त्या परडी घेऊन वळल्या. चार पावलं गेल्या नि थांबल्या.

"दर मंगळवारी मला गुडघ्याच्या डॉक्टरांकडे देवरुखला जायचं असतं, ठाऊक आहे ना तुला? पुढची सीट नको हो मला, खालून तापते. मी आपली मधे, दाराशी बसेन."