कोण गेलं?

पाणीकपातीची नोटीस फळ्यावर लावायला मी हल्ली रात्री अकरानंतर जातो. कारण, दुसऱ्या मजल्यावरचे सर. तुमच्याही इमारतीत ते असणारच, मजला वेगळा असेल एवढंच. जन्मभर हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त, खिशाला लाल बॉलपेन आणि नजर एकाच चिन्हावर : अपॉस्ट्रॉफी.

मी पहिल्यांदा सापडलो तो 'डोन्ट'मध्ये. डी-ओ लिहून तो स्वल्पविराम वर टांगला होता, मग एन-टी. मागून सांत्वनाला आल्यासारखा आवाज आला, "कोण गेलं?"

मी दचकलो. "कुणी नाही सर, सगळे ठीक आहेत."

"या शब्दातून कोण गेलं?"

"...ओ."

"नॉटमधला ओ. गेला कुठून? एन आणि टीच्या मधून. मग दिवा तिथे नको? माणूस जायचा माजघरात आणि तुम्ही दिवा लावणार ओसरीवर!"

तेव्हापासून वाण्याची पाटी असो, लग्नपत्रिका असो, सर विचारणार : कोण गेलं? नातवाच्या निबंधात कुत्रा 'इट्स' शेपूट हलवत होता, त्या 'इट्स'वरही दिवा. सर हादरले. "अरे, इथे सगळे जिवंत आहेत! कशाला अपशकुन?"

एकदा कोंडीत पकडावं म्हणून मी 'वोन्ट' काढला. विल नॉटचं वोन्ट कसं? सरांना हेच हवं होतं. जुन्या इंग्रजीत 'विल'चं 'वोल' असंही रूप होतं म्हणे. त्या घरातला हा मुलगा. आणि 'शॅन्ट'मधून एल गेले, ओही गेला, म्हणून 'ॲलिस'वाला लुईस कॅरल तिथे दोन दिवे लावायचा. "गणिताचा मास्तर. हिशेब चोख!"

"आणि बर्नार्ड शॉ?"

"तो डोन्ट-वोन्टवर दिवाच लावत नसे," सर तुटकपणे म्हणाले. "नास्तिक."

आपल्या 'शिवोऽहम्'मधला अवग्रहही गेलेल्या 'अ'चाच दिवा, हे मात्र त्यांनी इतक्या मायेने सांगितलं की मी चहा थंड होऊ दिला.

इंग्लंडात एका निवृत्त पत्रकाराने २००१ साली अपॉस्ट्रॉफी वाचवायला संस्था काढली आणि २०१९ मध्ये थकून तिचा गाशा गुंडाळला. ती बातमी वाचून सरांनी डोक्यावरून अंघोळ केली, असं काकू सांगायच्या. आता मोबाइल आपोआप अपॉस्ट्रॉफी घालतो म्हटलं, तर म्हणाले, "बघतोय ना, काय दिवे लावतोय ते."

श्रावणात काकू गेल्या. भेटायला गेलो तेव्हा आतल्या खोलीत, त्यांची खाट होती तिथे, दिवा होता. सर जवळ बसून वात पुढे सारत होते. मला बोलायला काही सुचेना. त्यांनीही काही विचारलं नाही.

पुढे दीड महिना फळ्यावर कुणी काहीही लिहावं. 'कान्ट'वर दिवा नाही, 'टोमॅटोज'वर आहे. सर खालमानेने दूध घेऊन वर जायचे. वैताग गेला म्हणून मला बरं वाटायला हवं होतं.

शेवटी एका रात्री मी नोटीस लिहिली आणि 'डोन्ट'चा दिवा मुद्दाम ओसरीवर ठेवला. चार दिवस तो तसाच राहिला. पाचव्या दिवशी सकाळी खाली उतरलो, तर नोटिशीवर लाल शाई. एक नाही, तीन ठिकाणी.

उरलेल्या दोन चुका मी मुद्दाम केल्या नव्हत्या.