मूर्तीचं वकीलपत्र कसं घ्यावं

कायद्याची पदवी हातात आहे, पण घटस्फोट, चेक बाउन्स आणि सोसायटीतल्या पार्किंगच्या भांडणांत जन्म काढायचा नाही, अशा होतकरू वकिलांसाठी कला आणि वारसा कायदा हे झकास क्षेत्र आहे. इथे गर्दी नाही. अशील रात्री-अपरात्री फोन करत नाही, कारण पुष्कळदा तो पंचधातूचा असतो. फी देत नाही, एवढीच काय ती उणीव.

पहिल्या दिवशीच एक गैरसमज काढून टाका. या कामाला कलेची जाण लागते, चोल कुठलं आणि चालुक्य कुठलं हे ओळखता आलं पाहिजे, असं कोणीतरी तुम्हाला सांगितलं असेल. ते निवृत्तीनंतर वाचा. या कायद्याला सौंदर्य दिसत नाही, तारीख दिसते. मूर्तीपुढे उभं राहिल्यावर ‘वा!’ ऐवजी ‘कधीची?’ आणि पाठोपाठ ‘इथून हलली कधी?’ असं तोंडातून निघालं, की निम्मं शिक्षण झालं.

आता पाठांतर. १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्यानुसार १०० वर्षं पुरी झालेली मूर्ती, नाणं किंवा चित्र ही पुरावस्तू. महत्त्वाच्या हस्तलिखिताला ७५ पुरतात. गृहपाठ म्हणून घरचं देवघर तपासा. पणजीनं माहेरून आणलेली अन्नपूर्णा आणि रांगता बाळकृष्ण शंभरी ओलांडून बसले असतील, तर त्यांची पुरावस्तू झाली आहे. नात लग्न होऊन न्यू जर्सीला निघाली आणि आजीनं रीतीप्रमाणे बाळकृष्ण साडीच्या घडीत घालून बॅगेत ठेवला, की कस्टमच्या लेखी ती निर्यात. हा अधिकार फक्त केंद्र सरकारला, किंवा सरकारनं नेमलेल्या संस्थेला. बाकीच्यांना सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि वर दंड. ‘ही पुरावस्तू नव्हे’ असा दाखला पुरातत्त्व खातं देतं, पण तो ९९ वर्षांच्या बाळकृष्णाला. हे सगळं आजीला समजावून सांगणं ही तुमची तोंडी परीक्षा. या परीक्षेत कोणी उत्तीर्ण झाल्याचं ऐकिवात नाही.

याच कायद्यात कलानिधी नावाचा एक मानही आहे. शंभरी न गाठलेली कलाकृतीसुद्धा सरकार कलानिधी म्हणून जाहीर करू शकतं आणि मग तीही देशाबाहेर जात नाही. राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय यांच्यासह नऊ चित्रकारांना हे भाग्य लाभलं. अट एकच, कलावंत हयात नसावा. चित्रकार अशील आला, तर ही माहिती पहिल्या भेटीत देऊ नये.

पुढचा धडा शेतातला. नांगराला हंडा लागला, तर काय करायचं? १८७८ चा निखात निधीचा कायदा उघडायचा. तो अजून जिवंत आहे. जमिनीत सापडलेल्या ठेव्याची किंमत दहा रुपयांच्या वर असेल, तर कलेक्टरला लेखी कळवा, असं तो सांगतो. हे दहा रुपये व्हिक्टोरिया राणीच्या काळातले, पण आकडा बदलायला कोणाला सवड झालेली नाही. धनी सापडला नाही आणि काही वेगळा करार नसेल, तर तीन हिस्से सापडवणाऱ्याचे, एक जागामालकाचा. ऐकायला छान वाटतं. मात्र वाटणीआधी सरकार तो ठेवा स्वतः घेऊ शकतं आणि मोबदला देतं धातूच्या किमतीवर एक पंचमांश जादा. म्हणजे सातवाहनांचं शिशाचं नाणं सापडलं, तर शिशाचा भाव अधिक २० टक्के. माझ्या मते मोडीच्या दुकानदारालाही हा दर सांगताना लाज वाटेल. प्रामाणिक माणसाला भंगाराचा भाव आणि दलालाला बाजाराचा, अशी सोय करून ठेवल्यावर हंडे कलेक्टर कचेरीत का पोचत नाहीत, याचं आश्चर्य आपण कशाला करायचं?

१९७६ साली तामिळनाडूतल्या पत्तूर गावी एका मजुराला खणताना नटराज मिळाला. तो कलेक्टरकडे गेला नाही. नटराज मात्र गेला लंडनला. तिथे १९८२ साली एका कॅनेडियन कंपनीनं खोट्या पूर्वेतिहासासह तो अडीच लाख पौंडांना घेतला, साफसफाईसाठी ब्रिटिश म्युझियमकडे दिला आणि तिथेच पोलिसांनी जप्त केला. कंपनीनं पोलिसांवर दावा लावला. समोर हक्क सांगायला भारत सरकार, तामिळनाडू सरकार, पत्तूरचं मोडकळीला आलेलं देऊळ आणि त्या देवळातलं शिवलिंग! आपल्याकडे देव मिळकत बाळगू शकतो, दावा लावू शकतो, आणि कितीही हजार वर्षांचा असला तरी कायद्यानं अल्पवयीनच असतो. इंग्रज न्यायाधीशांना हे पचवणं सोपं नव्हतं. मूर्तीवर चिकटलेली माती तपासली गेली, वाळवीच्या खुणांवर तज्ज्ञांची उलटतपासणी झाली. अखेर १९९१ मध्ये अपील न्यायालयानं पडक्या देवळाचा हक्क मान्य केला आणि नटराज परतला. तेव्हा वकिलीबरोबर वाळवीचाही थोडा अभ्यास असू द्या.

पुण्यात प्रॅक्टिस करणार असाल, तर मोजपट्टी घ्या. शनिवारवाड्यासारख्या केंद्र-संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगीनं. जुना वाडा पाडून इमारत बांधायला निघालेले पक्षकार रांगेनं येतील. या धड्यावर तुमचं घर चालेल.

वस्तू कायद्याच्या आधीच परदेशी गेली असेल, तर? मग तारीख तुमच्या विरुद्ध आहे. विनंती करा, उसनी आणा नाहीतर विकत घ्या. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं २०२४ मध्ये साताऱ्यात आली, ती तीन वर्षांच्या बोलीवर. नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार २०२५ मध्ये राज्य सरकारनं लिलावात सुमारे ४७ लाखांना घेतली. ढोलताशे दोन्ही वेळा वाजले. वकिलानं मिरवणुकीत नाचावं, हरकत नाही, पण पावती आणि परतीची तारीख खिशात असावी.

तारखांचं हे महत्त्व आपल्याआधी चोरांनी ओळखलं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनानं २००८ मध्ये सुमारे ५० लाख डॉलरना एक चोलकालीन नटराज घेतला. मूर्ती १९७२ च्या कायद्याआधीच भारताबाहेर गेल्याचे कागद सोबत होते, व्यवस्थित आणि बनावट. प्रत्यक्षात ती तामिळनाडूतल्या श्रीपुरंतनच्या देवळातून चोरलेली. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेनं त्या देवळातल्या मूर्तींचे फोटो आधीच काढून ठेवले होते. मूर्ती १९७२ नंतरही देवळात असल्याचा पुरावा फोटोत आणि ती पूर्वीच गेल्याचा दाखला कागदात, हे दोन्ही खरं असणं शक्य नव्हतं. २०१४ मध्ये नटराज परत आला.

म्हणून शेवटचा पाठ पदवी नसलेल्यांसाठीही. पुढच्या जत्रेला गावी जाल, तेव्हा देवळातल्या मूर्तीचे फोटो काढा. स्वतःचा चेहरा पुढे न घालता. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी, शेजारी मोजपट्टी ठेवून. तुटलेलं बोट, झिजलेलं नाक, पायाजवळची भेग जवळून टिपा. पुजाऱ्यांची परवानगी घ्या, तारीख लिहा, एक प्रत विश्वस्तांकडे आणि एक ग्रामपंचायतीत द्या. या वर्षीच करा.