आकडा एकाच जागी ठेवा

विकिपीडियाच्या लेखात ‘सध्याची आवृत्ती अमुक’ असं हाताने टंकणं हा वाचकावर अन्याय आहे. फायरफॉक्सचंच घ्या. २०२०पासून त्याची नवी मोठी आवृत्ती साधारण दर चार आठवड्यांनी येते. आज खरं असलेलं वाक्य महिन्याभरात खोटं ठरतं आणि वर्षानुवर्षं तसंच राहतं. वाचक तो शिळा आकडा ताजा समजतो, आपली आवृत्ती त्याच्याशी जुळली की निर्धास्त होतो, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या तर नव्या आवृत्तीत असतात.

उपाय विकीतच आहे. आकडा एका साच्यात ठेवायचा आणि लेखांत महिरपी कंसांच्या दोन जोड्यांत त्या साच्याचं नाव लिहायचं. साच्यात आकडा बदलला की तो वापरणारी सगळी पानं बदलतात. कुणाला तरी आकडा भरावा लागतोच, पण एकदाच. इंग्रजी विकिपीडियावर ताज्या आवृत्त्यांसाठी असे साचे केव्हापासून आहेत. त्याहून मोठी सोय २०१२मध्ये सुरू झालेल्या विकिडेटा या सामायिक माहितीसंचाची. तिथे आवृत्तीसाठी ‘पी३४८’ हा गुणधर्म आहे. जगात कुणीही तिथे नवा आकडा भरला, की मराठी लेखाची माहितीचौकट तो उचलू शकते. मराठी विकिपीडियाला याची गरज इंग्रजीपेक्षा जास्त आहे. आपल्याकडे संपादक मोजके. त्यांचा वेळ आकडे खोडण्यात का घालवायचा?

विकिडेटावर जुन्या आवृत्त्याही नोंदलेल्या राहतात. म्हणून ताज्या आकड्याला प्राधान्याचा दर्जा द्यायलाच हवा, नाहीतर लेखात सगळ्या आवृत्त्यांची रांग लागू शकते. आणि इतिहासाला साचा लावू नका. उत्साहाच्या भरात हे होतं, आणि ते शिळ्या आकड्याहून वाईट. पायथन ३.० डिसेंबर २००८मध्ये आलं, पायथन २चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. हे आकडे हातानेच लिहायचे. तिथे साचा घातलात, तर उद्या निघणारी आवृत्ती २००८मध्ये आल्याचं लेख छातीठोकपणे सांगेल.

मराठी विकिपीडियावर संगणकाबद्दल लिहिणाऱ्या सगळ्यांना विनंती आहे: ‘सध्याची आवृत्ती’ म्हणून शिळा आकडा दिसला, तर नुसता बदलून पुढे जाऊ नका. नवा आकडा स्रोतासह विकिडेटावर भरा आणि लेखात त्या जागी तिथून तो उचलणारा साचा घाला.